आधी चित्रं बघू द्या

"काय चित्रं बघायलास, वाच की!" धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत आणि शाळाशाळांत हे वाक्य ऐकू येतं. सांगणारा माणूस मायेनंच सांगत असतो. पोरानं शिकावं, आपल्यासारखी वेळ त्याच्यावर येऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते. पण हे वाक्य बोललं जातं तेव्हा ते मूल खरोखर वाचत असतं. रांजणामागं दडलेलं मांजर त्यानं हेरलेलं असतं. मांजर आता कोंबडीच्या पिलावर झेप घेणार, असा अंदाज त्यानं बांधलेला असतो आणि तो खरा ठरतो का हे बघायला त्याचा हात पान उलटायला निघालेला असतो. अंदाज बांधायचा, तो पडताळायचा, चुकला तर मागं जाऊन पुन्हा बघायचं, याहून वाचन वेगळं काय असतं? आपण नेमकं तिथंच त्याला अडवतो आणि चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवायला लावतो.

सुंदर चित्रांचं पुस्तक ही लहान मुलाची गरज आहे. गरीब घरातल्या मुलाची तर ती अधिकच मोठी गरज आहे. आपल्या जिल्ह्यात ही गरज भागत नाही, याला पैशाची टंचाई थोडीफार कारण आहे. मोठं कारण आपल्या मनात आहे. "लेकरांना काय कळतंय" ही ती समजूत. ती मोडल्याशिवाय शाळेत कितीही पुस्तकं आली तरी ती मुलांपर्यंत जाणार नाहीत, आणि गेली तरी ती चांगली असतील याची खात्री नाही.

या समजुतीचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. जत्रेत आणि एसटी स्टँडसमोरच्या दुकानांत मुलांसाठी म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं कुठून तरी उचललेल्या चित्रांचं, एकमेकांवर सरकलेल्या भडक रंगांचं, दोन दिवसांत पानं सुटणारं असतं. अंकलिपीतला अननस घ्या. आमच्या बरड रानात अननस पिकत नाही, ही एक गोष्ट झाली. पण छापलेला तो अननस अननसासारखाही दिसत नाही, ही जास्त वाईट गोष्ट आहे. मोठ्यांच्या लग्नपत्रिकेचा कागद, तिचा रंग, तिच्यावरचा गणपती आपण चार दुकानं फिरून निवडतो. मुलाच्या पहिल्या पुस्तकाला मात्र हाताला येईल ते चालतं. ज्या वयात डोळा घडतो त्याच वयात त्याच्यापुढं गबाळं काम ठेवायचं, आणि पुढं तोच मुलगा मोठा होऊन गाव विद्रूप करतो म्हणून हळहळायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत.

सुंदर चित्रपुस्तक माणसाला आयुष्यभर कसं धरून ठेवतं, याचा पुरावा मराठीत आहे. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या मराठी वाचकांना रशियन पुस्तकांबद्दल विचारून बघा. १९७० आणि १९८० च्या दशकांत मॉस्कोच्या प्रगती आणि पुढं रादुगा या प्रकाशनांनी मुलांची पुस्तकं थेट मराठीत छापून पाठवली. अनिल हवालदारांसारखा मराठी माणूस मॉस्कोत राहून हे अनुवाद करत होता. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहानं ती विक्रीला आणली, प्रदर्शनं भरवली. जाड, गुळगुळीत कागद, मोठा आकार, बर्फाची, अस्वलांची, लाकडी घरांची पानभर चित्रं आणि किंमत दोन-चार रुपयांच्या घरात. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा ओघ आटला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ही पुस्तकं लोक रद्दीच्या दुकानांत शोधतात, एकमेकांकडून मागून त्यांची पानं स्कॅन करून ठेवतात. "धुक्यात हरवलेले लाल तारे" नावाचा एक माहितीपटही मराठी तरुणांनी या पुस्तकांच्या शोधावर केला.

त्या पुस्तकांमागं राजकीय हेतू होता, हे खरं आहे आणि ते लपवण्याचं कारण नाही. पण आजचा पन्नाशीतला माणूस ती शोधतो तेव्हा तो राजवट शोधत नसतो. त्याला ते अस्वल हवं असतं. ज्या देशात तो कधी गेला नाही, जो बर्फ त्यानं कधी हातात घेतला नाही, तो बर्फ त्याच्या लहानपणाचा भाग होऊन बसला आहे. हे घडलं याचं कारण साधं आहे. चित्रं काढणारे उत्तम चित्रकार होते. मुलांसाठी काढायचं म्हणून त्यांनी हात आखडला नव्हता. मॉस्कोतल्या मुलासाठी जो कागद आणि जी छपाई होती, तीच मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला आली. तू गरीब देशातला आहेस, तेव्हा तुला दुय्यम चालेल, असं ते पुस्तक त्याला सांगत नव्हतं. मुलांना हे बरोबर कळतं. आपल्याला कुणी मान दिला आणि कुणी उरलंसुरलं हातावर ठेवलं, यातला फरक चार वर्षांच्या लेकरालाही समजतो.

सुंदर आणि स्वस्त एकत्र नांदू शकतात, हे त्याच्याही कितीतरी आधी इंग्लंडमधल्या एका बाईनं दाखवलं होतं. बिआट्रिक्स पॉटर यांनी खोडकर सशाची गोष्ट चित्रांसह तयार केली. प्रकाशकांनी ती नाकारली. मग पॉटर यांनी डिसेंबर १९०१ मध्ये पदरच्या पैशानं २५० प्रती छापल्या आणि १९०२ साली पुस्तक रीतसर प्रकाशित झालं. पुस्तक लहान हातात मावेल एवढंच असावं आणि त्याची किंमत एक शिलिंगच असावी, याबद्दल त्यांचा आग्रह होता. ते पुस्तक आज सव्वाशे वर्षांच्या जवळ आलं, अजून छापलं जातं. लक्षात घेण्याजोगं हे की त्यांनी किंमत कमी ठेवण्यासाठी चित्राशी तडजोड केली नाही. आकार लहान केला, सशाचं शरीरशास्त्र मात्र अचूक ठेवलं. पुस्तकातला ससा कोट घालतो, पण तो पाय दुमडून बसतो तेव्हा खऱ्या सशासारखाच बसतो.

आपल्या मराठीत असं काम झालेलं नाही, असं कुणी म्हणू नये. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनानं काढली आहेत. पुरंदरे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, पुढं फ्रान्समध्ये शिकल्या आणि लिहिणारा हात व रेखाटणारा हात त्यांच्या ठिकाणी एकच आहे. "राधाचं घर" हा त्यांचा छोट्या पुस्तकांचा संच घरातल्या एकेका माणसावर आहे. राक्षस नाही, परी नाही, राजपुत्र नाही. घरातली माणसं आहेत आणि त्यांच्याकडं बघणारी एक लहान मुलगी आहे. तरी मुलं तो संच पुन्हा पुन्हा मागतात. साहित्य अकादमीनं २०१४ साली बालसाहित्य पुरस्कार देऊन त्यांच्या कामाची नोंद घेतली. मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की त्या मुलाला शहाणं करायला बसलेल्या नाहीत. उपदेश नाही. मूल बघतं, त्याला दिसतं आणि दिसलं की ते बोलू लागतं.

चांगलं चित्रपुस्तक शंभरदा बघूनही का संपत नाही, हे जरा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्याकडं पुस्तक विकत घेणाऱ्यालाही आणि मंजूर करणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. छापखान्यात मोठ्या तावाच्या घड्या घालून सोळा पानांचा फॉर्म होतो. म्हणून ही पुस्तकं बहुधा सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात. सगळी गोष्ट त्या मोजक्या पानांत बसवायची असते. मग चित्रकार ठरवतो की कुठलं गुपित डाव्या पानावर ठेवायचं आणि पान उलटल्यावरच काय दिसू द्यायचं. लिहिलेलं वाक्य एक गोष्ट सांगतं, चित्र दुसरी. वाक्यात असतं की आजी दळण निवडत होती. चित्रात आजीच्या पाठीमागं नातू गुळाच्या डब्यापर्यंत पोहोचलेला असतो. वाक्य वाचणाऱ्या मोठ्या माणसाला तो नातू दिसत नाही. मांडीवर बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाला तो आधी दिसतो. "आज्जे, त्यानं गूळ घेतला!" असं ते ओरडतं. त्या घटकेला घरातलं सर्वांत लहान माणूस सर्वांत जास्त जाणतं झालेलं असतं. ज्या मुलाला दिवसभर "तुला कळत नाही, गप बस" हेच ऐकावं लागतं, त्याला ही घटका किती मोठी वाटत असेल याचा विचार करा. म्हणून ते तेच पुस्तक उद्या पुन्हा आणतं. आणि उद्या त्याला गुळाच्या डब्यावरची मुंगी दिसते.

आपल्याकडं या चित्रांची चव आधीच्या पिढ्यांना मुख्यतः मासिकांतून लागली. १९५२ पासून मराठीत निघालेल्या "चांदोबा"नं खेड्यापाड्यांत मुलं आणि मोठी माणसं एकत्र ओढली. शंकर या नावानं चित्रं काढणाऱ्या के. सी. शिवशंकरन यांचा खांद्यावर वेताळ घेतलेला विक्रम राजा कित्येकांच्या डोळ्यांपुढं अजून उभा आहे. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ मध्ये "किशोर" सुरू केलं आणि शासकीय मासिकही देखणं असू शकतं हे सिद्ध केलं. "किशोर"चे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत बघायला मिळतात. ज्या शाळेत प्रोजेक्टर आहे त्या शाळेला ते भिंतीवर दाखवता येतील, आणि दाखवायला हवेत.

आता आपल्या जिल्ह्याकडं वळू. उमरगा, लोहारा, तुळजापूर तालुक्यांतल्या तांड्यांवर मूल घरी गोरमाटी बोलतं. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावांत कानडी कानावर पडते. शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते. आणि ज्यांच्या घरी मराठीच आहे, त्यांचीही मराठी पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून निराळी आहे. सहा वर्षांचं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली भाषा त्याला अर्धी परकी असते. शिक्षक विचारतात आणि ते गप्प राहतं. आपण त्याला "ढ" ठरवतो. त्याच मुलापुढं शब्द नसलेलं किंवा अगदी थोडे शब्द असलेलं चित्रपुस्तक ठेवा. चित्राला बोली नसते. तांड्यावरची मुलगी तिच्या भाषेत सांगू लागते, शेजारची मुलगी तिच्या, आणि बाई ऐकतात. आधी तिला जे सांगायचं आहे ते सांगू द्यायचं, मग त्यासाठी पुस्तकी शब्द काय ते द्यायचे. हा क्रम उलटा केल्यानं कितीतरी मुलं पहिल्याच वर्षी शाळेतून मनानं बाहेर पडतात. पट मात्र भरलेला राहतो.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही असावीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. योजनांमधून पुस्तकं शाळांत येतातही. येतात आणि कपाटात जातात. मी पाहिलेल्या अनेक शाळांत ते कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, किल्ली त्यांच्या खिशात आहे आणि पुस्तकांचे कोपरे दुमडलेले नाहीत. मुख्याध्यापकांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्यांची भीती खरी आहे. डेडस्टॉक रजिस्टरला पुस्तकाची नोंद होते, तपासणीला संख्या जुळावी लागते, एखादं फाटलं किंवा हरवलं तर जबाब द्यावा लागतो आणि कधी खिशातून भरावंही लागतं. कोणता शहाणा माणूस अशा स्थितीत पहिलीच्या पोरांच्या हाती रंगीत पुस्तक देईल? नियमानंच त्याला राखणदार केलं आहे.

हा नियम बदलायला हवा आणि तो बदलणं अवघड नाही. बालपुस्तक ही खुर्ची किंवा वजनकाटा नाही. ते खडूसारखं झिजण्यासाठीच आलेलं आहे. तीन वर्षांत जे पुस्तक फाटलं नाही त्याचाच जाब शाळेला विचारला गेला पाहिजे. केंद्रप्रमुख तपासणीला येतात तेव्हा त्यांनी पुस्तकं मोजू नयेत. एका मुलाला जवळ बोलवावं आणि "तुझ्या आवडीचं पुस्तक आण बरं," असं म्हणावं. मुलानं धावत जाऊन ते कपाटातून, मांडणीवरून, दोरीवरून काढून आणलं तर शाळा पास. मुलाला आवडीचं पुस्तकच नसेल तर रजिस्टर कितीही नेटकं असलं तरी शाळा नापास. जिल्हा परिषदेनं मनावर घेतलं तर आपल्या आठ तालुक्यांत हे एका सत्रात सुरू करता येईल.

यावर लोक म्हणतात की आधी पोटाचं बघा, मग चित्रांचं. अवर्षणाच्या जिल्ह्यात हा प्रश्न हलका नाही आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते कृतीतून दिलं आहे. १९४५ साली बोर्डीत आणि पुढं कोसबाडला त्यांनी वारली आणि इतर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. त्या मुलांच्या पोटाची स्थिती आपल्याहून बिकट होती. म्हणून त्यांना फक्त खाऊ द्यावा, रंग, गाणी, खेळ आणि गोष्टी नंतर कधी तरी, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. भूक दोन्हींची असते आणि दुसरी भूक मारली गेली तर ती मोठेपणी परत लागत नाही. शिवाय आपण खरोखर पोटाच्या काळजीनंच पैसा राखतो का, हे आपल्या गावच्या चौकात उभं राहून प्रत्येकानं तपासावं. एकेका वाढदिवसाला लागणारे फ्लेक्स, मिरवणुकीतला डीजे, हार-तुरे आणि शाली. एका मोठ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पैशांत एका अंगणवाडीचं पुस्तकांचं कपाट भरतं. फ्लेक्स आठवड्यात उतरतो. पुस्तक निदान पाच-सहा वर्गांच्या हातांखालून जातं.

दुसरा आक्षेप मोबाइलचा. त्यात हलती चित्रं आहेत, आवाज आहे, फुकट आहे, मग पुस्तक कशाला? फरक वेगाचा आहे. मोबाइलमधलं चित्र मुलासाठी थांबत नाही. मुलाला मुंगी दिसायच्या आत ते निघून गेलेलं असतं. पुस्तकाचं पान मूल उलटेल तेव्हाच उलटतं. एका पानावर त्याला अर्धा तास राहायचं असेल तर ते राहू शकतं. आणि मोबाइल हातात दिला की आई-बाप मोकळे होतात, म्हणूनच तो दिला जातो. पुस्तकाला मात्र मांडी लागते. ज्या आईला वाचता येत नाही तिचीही मांडी चालते, उलट तिची जास्त चालते, कारण ती ओळीवर बोट ठेवत नाही, पोराबरोबर चित्र बघते आणि आपल्या मनानं गोष्ट सांगते. आमच्या भागात जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांच्या लेकी-सुना गोष्टीला कमी पडतील, हे मी मानायला तयार नाही. पहिलीच्या पालकसभेत हे त्यांना कुणी तरी ठामपणे सांगायला हवं. बाई, तुम्हाला वाचता येत नसलं तरी हे पुस्तक तुमच्यासाठीही आहे. संध्याकाळी पंधरा मिनिटं पोराला जवळ घेऊन बसा. बापांनाही हेच सांगायला हवं, आणि जरा जोर देऊन, कारण पोराला मांडीवर घेऊन पुस्तक बघणारा बाप आमच्याकडं अजून विरळा आहे.

चित्रांची, घडवलेल्या वस्तूंची जाण या मातीला नवी नाही. तेरला जा. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचा तगर म्हणून उल्लेख येतो, तेच हे गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या बाहुल्या आणि मूर्ती आहेत. हस्तिदंतात कोरलेली स्त्रीमूर्ती आहे, आणि तिचं साम्य थेट इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या मूर्तीशी सांगितलं जातं. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या कारागिरानं बोटाएवढ्या मूर्तीच्या दागिन्यांतही कसूर केली नाही. आणि लामतुरे यांच्यासारख्या गावच्या माणसानं हे सगळं आयुष्यभर वेचून जपलं, मग ते सगळ्यांचं झालं. जिल्ह्यातली किती मुलं हे संग्रहालय बघून आली आहेत? शाळेची सहल लांबच्या वॉटर पार्कला जाते आणि तेर वाटेतच राहून जातं.

या मुलांची स्वतःची चित्रपुस्तकं का नसावीत? मराठी चित्रपुस्तकांतलं घर बहुतेक वेळा शहरातलं असतं. गॅलरी, सोफा, सोसायटीतला जिना. शहरातल्या मुलाला ते हवंच. आमच्या मुलानंही ते बघावं. पण आपलं घर, आपलं रान कधी छापलं जाण्याच्या लायकीचं नसतं, असा समज त्याच्या मनात बसता कामा नये. इथं चित्रकाराला काय कमी आहे? नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आहे. पावसाळ्यात पाणी वरून कोसळत असतं आणि आत माणसं कोरडी उभी असतात, हे बत्तीस पानांत मांडायला कुणालाही आवडेल. येरमाळ्याला चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेत हजारो माणसं रानात वाकून चुनखडी वेचतात. त्या गर्दीच्या एका चित्रात मूल तासभर हरवून जाईल. भूम-वाशीकडची पहाटेची खव्याची भट्टी, तुळजापूरच्या वाटेवरचे कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, दोन करडं होणारी काळी उस्मानाबादी शेळी. जगात नाव झालेली ही शेळी आमच्याच मुलांच्या पुस्तकात नाही.

मात्र हे काम करायचं तर पहिल्या प्रतीचं करायचं. पहिल्या पानावर पुढाऱ्याचा फोटो, दुसऱ्यावर अधिकाऱ्यांचे शुभसंदेश, तिसऱ्यावर आभार आणि मग घाईनं काढलेली चार चित्रं, असली पुस्तिका नको. चांगल्या चित्रकाराला पूर्ण मानधन द्यावं, वर्षभर वेळ द्यावा, त्याला यात्रेत फिरू द्यावं, शेळी जवळून बघू द्यावी. जिल्ह्यातले कलाशिक्षक हे काम करू शकतात. त्यांना निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामातून काही महिने सोडवलं तरी पुरेल. जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन धाराशिव शहरातच झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि लोक गावोगावहून आले होते. एवढं मोठं संमेलन पेलणाऱ्या जिल्ह्याला एक उत्तम चित्रपुस्तक काढणं जड जाऊ नये.

सार्वजनिक ग्रंथालयांकडूनही अपेक्षा आहे. १९६७ च्या कायद्यानं अ, ब, क, ड वर्गांतल्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागलं आणि ती गावोगाव पोहोचली. आज त्यांतली बरीच स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका झाली आहेत. पोलीस भरतीचा, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना जागा मिळालीच पाहिजे. पण त्याच खोलीच्या एका कोपऱ्यात सतरंजी टाकून पाच वर्षांच्या मुलाला जागा द्यायला काय अडतं? त्याला दम देणारा शिपाई तेवढा नको. १९२१ साली निजामाच्या राज्यात, उर्दू हेच शिक्षणाचं माध्यम असण्याच्या काळात, लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्यात लोकांनी राष्ट्रीय शाळा काढली आणि स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं काम केलं. सरकार देईल तेव्हा देईल, मुलांना आज शिकवलं पाहिजे, एवढ्याच निश्चयावर ती शाळा उभी राहिली. सतरंजीच्या कोपऱ्यासाठी त्याच्या शतांश निश्चयही पुरे आहे. जयंतीच्या वर्गणीतून दहा टक्के रक्कम गावच्या अंगणवाडीच्या पुस्तकांसाठी काढायची, असा ठराव एखाद्या मंडळानं यंदा करून दाखवावा. फुले आणि आंबेडकरांच्या जयंतीला याहून साजेसं काही सुचत नाही.

आणि सर्वांत आधी ज्यांच्यापर्यंत हे पोहोचायला हवं, ती मुलं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. भूम, वाशी, कळंब, परंड्याच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बिऱ्हाड ट्रकमध्ये चढतं आणि लहान मुलं त्यासोबत जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात मागं राहतात, बाकीची चार-पाच महिने फडाशेजारच्या कोपीत काढतात. आई-बाप पहाटे फडात गेले की धाकट्याला सांभाळत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीजवळ बघायला, दाखवायला, सांगायला काहीच नसतं. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. यंदा टोळी निघण्याच्या आठवड्यात कपाट उघडा. गाव सोडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत दोन चांगली चित्रपुस्तकं घाला, त्यातलं एक धाकट्या भावंडासाठी. रजिस्टरला "मुलासोबत गेले" अशी नोंद करा आणि पुस्तक परत आलं नाही तर कुणालाही जाब विचारू नका. शिक्षणाधिकाऱ्यांनी एवढ्या नोंदीला मान्यता देणारं एका पानाचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी काढावं.